इंग्रजी शब्दांचे गणगोत

इंग्रजी विषय म्हणजे वाटेत आडवा पडलेला धोंडा, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. माझीही होती. हा लेख मी इंग्रजीत पहिली आले म्हणून लिहीत नाही. दहावीला मला इंग्रजीत ४१ गुण होते, आणि अजूनही इंग्रजीतून चार वाक्ये सलग बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. पण गेल्या वर्षभरात नव्या शब्दाची भीती माझ्या मनातून गेली. ती कशी गेली, ते माझ्यासारख्या मित्रमैत्रिणींना सांगावे, एवढाच हेतू आहे. प्राध्यापक मंडळींना यात नवे काही आढळणार नाही. त्यांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. अण्णा सातवीपर्यंत शिकले, आईची शाळा चौथीत सुटली. त्यामुळे घरात कोणताही कागद आला की तो माझ्या हातात येतो. सोसायटीची नोटीस असो, विजेचे बिल असो, नाहीतर बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर असो. “आमची पोरगी कॉलेजात आहे, ती वाचील,” असे अण्णा चारचौघांत अभिमानाने सांगतात. या अभिमानाचे मला एकदा फार मोठे ओझे झाले.

मागच्या वर्षी पावसाळ्यात आईला मधुमेहामुळे तालुक्याच्या गावी दवाखान्यात चार दिवस ठेवावे लागले. घरी सोडताना एक कागद मिळाला. त्यावर गोळ्यांच्या नावांखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. रात्री जेवणे झाल्यावर अण्णांनी तो कागद माझ्यापुढे धरला. त्या ओळींत एकच शब्द मोठा होता, ‘हायपोग्लायसेमिया’. त्यापासून सावध राहावे, एवढे मला कळले. ‘ग्लायसेमिया’ म्हणजे साखरेचे काहीतरी असणार, हेही कळले. ‘हायपो’ मी ‘हायपर’च समजले. मधुमेहात साखर वाढतेच, असे मनाशी धरून मी तोऱ्यात सांगितले, “साखर वाढायची भीती आहे. आईला गोडाचा कणही द्यायचा नाही.” शब्द मोबाइलवर पाहावा, असेही मला वाटले नाही, कारण तो आपल्याला कळला आहे, अशी माझी खात्री होती.

पंधरा दिवसांनी संकष्टी होती. आईने सकाळची गोळी घेतली आणि उपवास धरला. दुपारी तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. अण्णा गुळाचा खडा घेऊन धावले, तर आईनेच तोंड फिरवले. “गोड नको, कागदात लिहिलंय,” ती म्हणाली. कागदात तसे लिहिले नव्हते. मी तसे वाचले होते. आमच्या आळीतल्या आशाताई वेळेवर आल्या म्हणून बरे. त्यांनी काही न विचारता पेलाभर पाण्यात साखर ढवळून आईला घोटघोट पाजली. पंधरावीस मिनिटांत आई उठून बसली. “साखर वाढली नव्हती गं, उतरली होती,” त्या म्हणाल्या. मी तिथून उठून मागच्या अंगणात गेले. माझ्या चुकीबद्दल मला कोणी विचारले नाही, आणि मीही कोणाला सांगितले नाही.

दोन दिवसांनी धीर करून मी तो शब्द आमच्या इंग्रजीच्या सरांना दाखवला. सर अर्थ सांगून मोकळे होतील, असे वाटले होते. त्यांनी उलट मलाच विचारले, “तुमच्या गावात सरपंच आहेत ना? त्यांच्या खालोखाल कोण?”

“उपसरपंच,” मी म्हणाले.

“झाले तर. हायपो म्हणजे आपला उप.”

मग सरांनी तो शब्द फळ्यावर लिहून त्याचे तीन तुकडे केले. ग्रीक भाषेत ‘हायपो’ म्हणजे खाली आणि ‘हायपर’ म्हणजे वर. संस्कृतात यांचेच सख्खे भाऊ ‘उप’ आणि ‘उपरि’. हिंदीतला ‘ऊपर’ आणि आपला ‘वर’ या ‘उपरि’पासूनच आले. मधला ‘ग्लायक’ म्हणजे गोड. ग्लुकोज आणि ग्लिसरीन ही त्याचीच भावंडे. शेवटचा ‘एमिया’ रक्ताची स्थिती सांगतो. म्हणजे ‘खाली, साखर, रक्त’ : रक्तातली साखर खाली गेली. तोच ‘एमिया’ आपल्या ओळखीच्या ॲनिमियात आहे. तिथे आधी नकाराचा ‘अन्’ लागला आहे. आपल्या ‘अनादर’ आणि ‘अनपेक्षित’ यांत तोच आहे. ‘हायपरटेन्शन’ म्हणजे वर चढलेला दाब, हे मग सरांना सांगावे लागले नाही. ते मीच सांगितले.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ही विद्या मला नवी नव्हती. शाळेत मराठीच्या व्याकरणात आपण सर्वांनी ‘शब्दसिद्धी’ शिकलेली आहे. उपसर्गघटित शब्द आणि प्रत्ययघटित शब्द आपण गुणांसाठी पाठ केले आणि पेपर झाल्यावर विसरलो. ‘हृ’ हा एकच संस्कृत धातू घ्या. ‘हृ’ म्हणजे नेणे, घेऊन जाणे. त्याला पुढून ‘आ’ लागला की आहार, ‘वि’ लागला की विहार, ‘प्र’ लागला की प्रहार, ‘सम्’ लागला की संहार, ‘परि’ लागला की परिहार. धातू एक, घरे पाच. हे शब्द आपण कधी वेगवेगळे घोकले नाहीत. इंग्रजी शब्द मात्र आपण एकेक सुटा, पोत्यातल्या बटाट्यासारखा उचलत बसतो, आणि मग पोते जड झाले म्हणून तक्रार करतो.

संस्कृत आणि युरोपातल्या भाषा यांचे हे नाते कोणाच्या कल्पनेतून निघालेले नाही. कलकत्त्याला न्यायाधीश असलेले सर विल्यम जोन्स यांनी १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन केली. १७८६ साली तिथल्याच एका व्याख्यानात त्यांनी सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे धातू आणि व्याकरणाची रूपे इतकी सारखी आहेत, की त्या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात. पुढे विद्वानांनी त्यावर पुष्कळ संशोधन केले आणि या कुळाला इंडो-युरोपीय हे नाव मिळाले. मराठी आणि इंग्रजी दोन्ही याच कुळातल्या. म्हणजे इंग्रजी ही आपल्या दूरच्या चुलत्याची लेक आहे. फक्त कित्येक पिढ्या येणेजाणे नव्हते.

इंग्रजीत लॅटिन शब्द एवढे कसे शिरले, याचेही कारण आहे. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबाराची आणि न्यायाची भाषा दीर्घ काळ फ्रेंच होती, आणि फ्रेंच ही लॅटिनची मुलगी. मेंढी पाळणारा गरीब इंग्रज, म्हणून जिवंत मेंढीला त्याचा ‘शीप’ हा शब्द राहिला. ती ताटात वाढून खाणारा फ्रेंच सरदार, म्हणून तिच्या मांसाला त्याचा ‘मटन’ हा शब्द मिळाला. आपल्याकडे काय वेगळे झाले? सुलतानी अमलात फारसी-अरबी शब्द कचेरीतून मराठीत आले, म्हणून आजही आपला शेतकरी ‘तहसील’मध्ये जातो, ‘वकील’ देतो आणि ‘फिर्याद’ करतो. पुढे शास्त्रे वाढली तशी इंग्रजीने लॅटिन आणि ग्रीक धातूंतून हजारो शब्द घडवले, जसे आपण संस्कृतातून घडवतो. म्हणून इंग्रजीतले लांबलचक, अवघड दिसणारे शब्दच फोडायला जास्त सोपे असतात.

आता काही धातू माझ्या वहीतून देते.

पहिला ‘स्पेक्ट’, म्हणजे पाहणे. संस्कृतातल्या ‘पश्यति’चा हा नातलग. आत नीट पाहतो तो ‘इन्स्पेक्टर’. पुढे काय आहे ते दाखवतो तो ‘प्रॉस्पेक्टस’, जो आपण प्रवेशाच्या वेळी विकत घेतो आणि वाचत नाही. मागे वळून पाहावेसे वाटते तो ‘रिस्पेक्ट’. लॅटिनमधला ‘सब’ हाही आपल्या ‘उप’चाच भाऊ. म्हणून ‘सब-इन्स्पेक्टर’ला मराठीत ‘उपनिरीक्षक’ म्हणतात. ‘उप’ला ‘सब’ आणि ‘ईक्षण’ म्हणजे पाहण्याला ‘स्पेक्ट’, असा तो शब्द जवळजवळ सांध्याला सांधा जुळवून केलेला आहे.

दुसरा ‘पोर्ट’, म्हणजे वाहून नेणे. ओझे वाहतो तो ‘पोर्टर’. कांदा देशाबाहेर गेला तर ‘एक्स्पोर्ट’, डाळ देशात आली तर ‘इम्पोर्ट’. इकडून तिकडे नेणे म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट’. ज्या एसटीने आपण रोज येतो तिच्या नावातला ‘टी’ तोच. जाऊन पाहिले ते परत आणून दिले की ‘रिपोर्ट’.

तिसरा ‘व्हर्ट’ किंवा ‘व्हर्स’, म्हणजे वळणे. आपल्या ‘वृत्’ धातूचा हा भाऊ. आपल्याकडे परिवर्तन, आवृत्ती, निवृत्ती, वर्तुळ. त्यांच्याकडे कन्व्हर्ट, रिव्हर्स, व्हर्जन. ‘युनिव्हर्सिटी’च्या पोटातही हाच आहे : सगळे मिळून एकात वळलेले.

चौथा ‘व्हिड’ किंवा ‘व्हिज’, म्हणजे पाहणे. आपला ‘विद्’, म्हणजे जाणणे. त्यातून ‘व्हिडिओ’, ‘व्हिजन’ आणि वरून पाहणारा ‘सुपरव्हायझर’. विद्यार्थी आणि व्हिडिओ हे एका कुळातले निघाले, हे ऐकून आमच्या वर्गात फार हशा झाला. विद्यार्थी व्हिडिओत एवढे का रमतात, याचे उत्तर मिळाले, असे एकजण म्हणालाही.

पाचवा ‘साइड’, म्हणजे मारणे. हा मला पुस्तकात भेटला नाही, शेतावरच्या खोपीत भेटला. औषधांच्या डब्यांवर ‘इन्सेक्टिसाइड’, ‘फंजिसाइड’ आणि ‘हर्बिसाइड’ असे तीन शब्द होते. इन्सेक्ट म्हणजे कीटक, फंगस म्हणजे बुरशी, हर्ब म्हणजे गवत-झाडपाला. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक. आपल्या भाषेनेही शब्द त्याच रीतीने बांधले आहेत. किडीच्या औषधाऐवजी तणनाशक पंपात पडले तर उभे पीक जळते, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. या एका धातूची किंमत त्यावरून करावी.

याशिवाय गमतीने लक्षात राहतील असे पुष्कळ आहेत. ‘मॅन्युस्क्रिप्ट’मधला ‘मॅन्यु’ म्हणजे हात आणि ‘स्क्रिप्ट’ म्हणजे लिहिलेले. आपला शब्द हस्तलिखित. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांत सप्त, अष्ट, नव, दश ऐकू येतात. रोमन लोकांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून सप्टेंबर सातवा होता. ‘कँडिडेट’ म्हणजे पांढरी वस्त्रे ल्यालेला. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक शुभ्र अंगवस्त्र घालून मते मागत. त्यातल्या ‘कँड’ या चकाकण्याच्या धातूचे आपल्या ‘चंद्रा’शी नाते आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून हात जोडणारे उमेदवार पाहिले, की रोमची आठवण होते.

पण इथे एक इशारा दिला पाहिजे. अर्धवट ज्ञानाचा प्रसाद मी एकदा घेतलेला आहे. ‘पेड’ म्हणजे पाय, आपला ‘पद’. सायकलचे ‘पेडल’ त्याचेच. एवढ्यावरून ‘पेडिॲट्रिशियन’ अशी पाटी वाचून मी गुडघेदुखीने हैराण झालेल्या काकूंना तिकडे नेणार होते. ते निघाले लहान मुलांचे डॉक्टर! तिथला ‘पेड’ ग्रीक, त्याचा अर्थ मूल. तसेच ‘इम्पोर्ट’मधला ‘इम्’ म्हणजे आत आणि ‘इम्पॉसिबल’मधला ‘इम्’ म्हणजे नाही. आणखी मोठी फसवणूक ‘बॅड’ची. इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजे वाईट, आणि फारसीतून आलेल्या आपल्या ‘बदनाम’मधला ‘बद’ म्हणजेही वाईट. ध्वनी जवळचा, अर्थ तोच, तरी या दोघांचे काही नाते नाही. नुसता चेहरा सारखा दिसला म्हणून कोणी भाऊ होत नाही. शिवाय शब्द मूळ अर्थ सोडून दूरही जातात. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे मुळात हाताने करणे. आज ते यंत्राने होते. म्हणून धातूवरून करायचा तो तर्क. निकाल द्यायचा तो शब्दकोशाने.

दुसरी मर्यादा अशी, की शब्द ओळखता येणे वेगळे आणि वापरता येणे वेगळे. मी एका निबंधात ‘आजारी आजीला इन्स्पेक्ट करायला गेले’ असे लिहिले होते. सरांनी लाल शाईने शेजारी लिहिले, ‘आजी म्हणजे काय पोलीस ठाणे आहे?’ शब्द कोणत्या संगतीत वावरतो, हे वाचल्याशिवाय कळत नाही. आणि ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांसारखे छोटे घरगुती शब्द तर फोडताच येत नाहीत. ते ऐकून आणि वापरूनच अंगवळणी पडतात.

आता वहीची रीत सांगते. एका पानावर एकच धातू. मध्ये धातू, शेजारी त्याचा अर्थ, आणि कोणी मराठी-संस्कृत नातलग असल्यास तो. खाली त्याचे इंग्रजी शब्द, तेही रोज तीनच. नवा शब्द दिसला की आधी तो फोडून पाहायचा आणि आपला तर्क पेन्सिलीने लिहायचा. मग शब्दकोश उघडायचा. तर्क चुकला तर तो खोडायचा नाही, तसाच ठेवायचा. चुकलेला शब्द जन्मभर लक्षात राहतो. शेवटी त्या शब्दाचे स्वतःचे एक वाक्य. सात महिन्यांत माझी ६२ पाने भरली. ग्रंथालयात नॉर्मन लुईस यांचे १९४९ साली निघालेले ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आहे. ते याच पद्धतीने शिकवते. मात्र आपले नातलग त्यात शोधू नका. ते आपणच शोधायचे आहेत.

कोणी विचारील, मोबाइलवर क्षणात अर्थ मिळत असताना हा खटाटोप कशाला? मोबाइल एका शब्दाचा अर्थ सांगतो. धातू त्याच्या साऱ्या घराची ओळख करून देतो. आणि शब्द मोबाइलवर पाहायला आधी तो आपल्याला कळलेला नाही, हे कळावे लागते. मला तेच कळले नव्हते.

‘व्होकॅब्युलरी’ या शब्दाच्या मुळाशी ‘व्होक’ आहे, म्हणजे हाक मारणे, बोलणे. आपली ‘वाचा’ आणि तो एकाच मुळाचे. शब्दसंपत्तीच्या इंग्रजी नावातच आपली वाचा बसलेली असताना इंग्रजीपुढे आपण मुके का व्हावे? मराठी माध्यमातून आलो, ही आपली अडचण म्हणून सांगितली जाते. मला तर वाटते, की या कुलपाची एक किल्ली आपण घरूनच कमरेला लावून आणलेली आहे.

अण्णांना खरे सांगायला मला दिवाळी उजाडली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “आता बरोबर वाचून दाखव.” मी कागद आणला आणि शब्द फोडून दाखवला. उपसरपंचही सांगितला. त्यावर आईसुद्धा हसली. डॉक्टरांनी तिचे उपवास तर केव्हाच बंद केले आहेत. तो कागद आता देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवलेला असतो. त्याच्या पाठीवर मी मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवले आहे : ‘घाम आला, थरथर सुटली, तर लगेच साखर.’

दर बुधवारी मधल्या सुट्टीत आम्ही पाच जण ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर शब्द फोडायला बसतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे. वर्गणी म्हणून प्रत्येकाने एकच शब्द आणावा. मात्र तो पुस्तकातला नसावा, आपल्या घरातल्या एखाद्या कागदावरचा असावा.